निर्जळी सोमवार आणि अकरा गोळ्या

सोमवार, ७ फेब्रुवारी १९७७. रक्कम रुपये एक्कावन्न. हजर तिघे: मी, माझी पत्नी आणि तळ्यातल्या महादेवाच्या देवळातले पुजारी. पत्नीच्या मानेतल्या गाठी कॅन्सरच्या आहेत हे चार दिवसांपूर्वी कळले होते आणि पुढच्या सोमवारपासून तिला इंजेक्शने सुरू व्हायची होती. दर तीन आठवड्यांनी एक, अशी सहा. मी गाभाऱ्यासमोर उभा राहून नवस बोललो तो असा: सहाही इंजेक्शने पार पडावीत, त्यांचा त्रास होऊ नये, एकही उलटी होऊ नये, तसे झाले तर एक्कावन्न रुपयांचा अभिषेक करीन. शिवाय ती बरी होईपर्यंत आम्ही दोघेही दर सोमवारी दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाही. पुजाऱ्यांनी पावतीपुस्तक पुढे ओढले आणि विचारले, "पावती आत्ताच फाडू का?" मी म्हणालो, "आत्ता नाही. गुण आल्यावर." त्यांनी पेनाला टोपण लावले आणि म्हणाले, "बरं. त्याला काय, तो थांबेल."

मी इथल्या एका कापड गिरणीत मोजणी कारकून आहे. माग चालू असताना उभे धागे तुटतात. कुठल्या मागावर तासाला किती तुटले हे मोजून वहीत भरणे, हे माझे काम. एकोणीस वर्षे मी तुटलेले धागे मोजतो आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडले त्यात माझा मूर्खपणा किती मोठा होता हे त्याशिवाय कळणार नाही.

डॉक्टर तरुण होते. मुंबईला शिकून आलेले, बोलायला तुटक पण माणूस सरळ. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की हा प्रकार औषधाला दाद देणारा आहे, मात्र सहाची सहा झाली पाहिजेत. मध्येच सोडले तर घेतलेली फुकट गेली असे समजा. या औषधाने पोट ढवळते, उलट्या होतात, त्यासाठी गोळ्या लिहून देतो असेही ते म्हणाले. "इंजेक्शनच्या एक तास आधी एक गोळी, थोडं कोरडं काहीतरी खाऊन. मग दर सहा तासांनी एक. उलटी होवो न होवो, दोन दिवस." हे शब्द मी जसेच्या तसे वहीत उतरवले. ती वही आजही माझ्याजवळ आहे आणि ते अक्षर माझेच आहे. म्हणजे मला सांगितले नव्हते असे मला म्हणता येत नाही.

अडचण अशी झाली की इंजेक्शनांचा वार सोमवार. आणि सोमवार निर्जळी. गोळी घ्यायची म्हणजे पाणी आले, कोरडे काही खायचे म्हणजे उपास मोडला. मी पुष्कळ विचार केला आणि माझ्या पद्धतीने तोड काढली. उलटी झाली की उपास तसाही मोडलाच, म्हणजे पहिल्या उलटीनंतर गोळी द्यायला हरकत नाही. त्याआधी नाही. जी उलटी अजून झालीच नाही तिच्यावर औषध कशाला, असेही मला वाटले. हा नियम कुठल्या शास्त्रात आहे हे मला कोणी विचारू नये. तो मीच केला होता. डॉक्टरांना मी काही बोललो नाही, कारण त्यांनी नको म्हटले असते. पत्नीला सांगितले तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात ती माझ्या बहुतेक गोष्टींना "बरं"च म्हणत आली होती आणि मी तो होकार धरत आलो होतो.

चौदा फेब्रुवारीला पहिले इंजेक्शन झाले. सकाळी अकराला सुई लागली, दुपारी एकला पहिली उलटी. मी लगेच गोळी दिली. दहा मिनिटांत ती गोळी पितळी भांड्यात परत आली, जवळजवळ अख्खी. मी दुसरी दिली. तीही आली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नऊ उलट्या झाल्या. वहीत मी रकाने आखले होते: वेळ, उलटी, गोळी दिली, गोळी टिकली, गोळी वाया. सात मार्चला दुसरे इंजेक्शन; उलट्या चौदा. अठ्ठावीस मार्चला तिसरे. उलट्या सतरा, आणि त्यातली पहिली तर सुई लागायच्याही आधी, दवाखान्याच्या पायरीवर, स्पिरिटचा वास आल्याबरोबर. वजन सेहेचाळीसचे एकेचाळीस किलो झाले. सहा गोळ्या दिल्या त्यातल्या चार वाया. केस गळाले त्याचे तिला फारसे वाटले नाही, डोक्यावर पदर असतोच म्हणाली. पण भांड्याचा नुसता आवाज झाला तरी तिच्या पोटात ढवळायला लागे. मी केसांना तेल लावले तर ती तोंड फिरवी. फोडणीचा वास नको म्हणून आमची मुलगी शेजारच्या घरी जाऊन स्वयंपाक करून आणत असे. एकदा मी वही घेऊन जवळ बसलो तर पत्नी म्हणाली, "अहो, ती वही तिकडं ठेवा. ती बघितली तरी मला मळमळतं."

त्या दोन महिन्यांत मी कोणाकोणावर चिडलो यापेक्षा कोणावर नाही हे सांगणे सोपे जाईल. डॉक्टरांवर चिडलो, की एवढे शिकून आले आणि उलटी थांबवता येत नाही. गोळ्यांवर चिडलो. वेलची चघळा, आवळा चोखा, लिंबाची फोड नाकाशी धरा असे सांगायला येणाऱ्या शेजाऱ्यांवर चिडलो, त्यातल्या एकाला तर मी विचारले, "तुम्हाला किती इंजेक्शनं झाली?" पत्नीवर चिडलो, कारण ती गोळी पोटात ठेवत नव्हती, जणू तो तिचा हट्टच. आणि सगळ्यांत जास्त चिडलो देवावर. दर सोमवारी संध्याकाळी तळ्याच्या काठाने देवळात जायचो आणि हात जोडून हिशेब सांगायचो. बावीस वर्षे, वर्षाचे बावन्न सोमवार, आजारपणात आणि परगावी चुकलेले एकतीस वजा जाता अकराशे तेरा. एवढे सोमवार तुझ्या दारात आलो, आता घशाला कोरड पडेपर्यंत पाण्याशिवाय राहतो, तीही राहते, आणि तू नवाचे चौदा आणि चौदाचे सतरा करतोस? लोक घंटा वाजवून पुढे सरकत, मी खांबाशी उभा राहून मनातल्या मनात भांडत असे. नवस फिटायचा प्रश्नच नव्हता. पुजारी मला बघून मान हलवत. पावतीपुस्तकाचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

चौथे इंजेक्शन अठरा एप्रिलला होते. आदल्या रविवारी तिन्हीसांजेला पत्नीने सांगितले, "साकु." ती मैंदर्गीची, माहेरी सगळे कानडी; मनातून काही बोलायचे असले की ती कानडीत बोलते. "साकु. बस्स झालं. तीन घेतली, आता नको." मी ऐकले नाही असे दाखवले. सोमवारी सकाळी तिला रिक्षात घालून नेले. सोलापूरचा एप्रिल; साडेनऊलाच डांबर पायाला चिकटत होते. ती काल दुपारपासून जेवली नव्हती आणि सोमवार असल्यामुळे सकाळपासून पाणीही नव्हते. पायरीवर पोचतो न पोचतो तोच तिला उमळून आले. पोटात काही नव्हतेच, हिरवे पिवळे पाणी आले आणि ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली ती बसलीच.

"मी आत येणार नाही. घरी चला."

"अगं, तीन झालीत. अर्ध्यावर सोडायचं?"

"तुम्ही मोजत बसा. मला घरी सोडा."

आता जे लिहितो ते लिहायला लाज वाटते. मी मोठ्याने, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "तुला जगायचंच नसेल तर मी तरी काय करू? मीही उपाशीच आहे ना तुझ्याबरोबर?" तिने मान वर केली आणि अगदी हळू म्हणाली, "निर्जळी तुम्ही बोललात. मला विचारलं होतंत का?" मध्ये कोणी पडले नसते तर तिला रिक्षात बसवून मी घरी नेले असते, आणि पुढे काय झाले असते ते डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. मी खरोखरच तिचा हात धरून उठवायला लागलो होतो.

समोर औषधाच्या खिडकीशी एक म्हातारी बाई कंपाउंडरशी वाद घालत होती. साठीच्या पुढची, अंगावर विटकी हातमागाची साडी, हातात कागदाची पुडी. "घेतलेलं औषध परत घेता येत नाही बाई, किती वेळा सांगू?" असे म्हणून त्याने खिडकी लावून घेतली. ती वळली आणि थेट आमच्यापुढे येऊन उभी राहिली. माझे ओरडणे तिने ऐकले होते हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"काय सायेब, आजारी माणसावर वरडतासा?"

मी म्हणालो, "तुम्ही तुमचं बघा, आजी."

"माझं बघून झालं," ती म्हणाली आणि पत्नीच्या शेजारी बसली. तिचे मराठी तेलुगू वळणाचे होते. पुढे कळले की ती साखर पेठेतली, मागासाठी कांड्यांवर सूत भरायचे काम, घरचा माग. तिच्या नवऱ्याला याच दवाखान्यात हीच इंजेक्शने झाली होती. पत्नीच्या पाठीवर हात फिरवत तिने मला विचारले, "गोळी कवा दिली?"

मला वाटले, निदान याचे उत्तर तरी माझ्याकडे पक्के आहे. "उलटी झाली की लगेच देतो. पाच मिनिटंसुद्धा जाऊ देत नाही. सगळं लिहून ठेवलंय."

"आनि सुईच्या आदी?"

"आधी कशी देणार? सोमवार आहे. निर्जळी आहे."

गिरणीत नव्या कामगाराने चालू मागात हात घातल्यावर जॉबर, म्हणजे मुकादम, त्याच्याकडे जसा पाहतो तसे तिने माझ्याकडे पाहिले. "म्हंजे सकाळपासनं पानी बी न्हाय हिच्या पोटात? अय्यो! कुनी सांगितलं? देवानं?"

"मी नवस बोललोय."

"तुमी बोललासा नि उपास हिला? लई शानं की वो तुमी! काय काम करतासा?"

मी सांगितले. गिरणीत धागे मोजतो, तुटलेले. हे ऐकल्यावर ती हसायलाच लागली. तोंडाला पदर लावून हसली. पत्नीच्या ओठांवरही, किती आठवड्यांनी कोण जाणे, काहीतरी हलले. "मग सांगा की सायेब," ती म्हणाली, "सुताला खळ कवा लावत्यात? मागावर चढवायच्या आदी, का धागा तुटल्यावर?"

खळ लावलेली नसली तर उभे सूत मागाचा मार सोसत नाही, तडातडा तुटते. म्हणून तर गिरणीत वेगळे सायझिंग खाते आहे. एकोणीस वर्षे माझ्या वहीतला आकडा वाढला की मी पहिली चिठ्ठी पाठवतो ती सायझिंगला, की खळ कमी पडली आहे, बघा. तुटलेल्या धाग्याला खळ चोपडणारा माणूस गिरणीत कोणी पाहिला असता तर त्याला वेड्यात काढले असते. आणि मी घरी दोन महिने तेच करत होतो, रकाने आखून.

पण आता उपाय काय? गोळ्या घरी कपाटात होत्या. मी त्या उलटीनंतर, म्हणजे घरीच देत असे, दवाखान्यात बरोबर आणायची मला कधी गरजच वाटली नव्हती. घरी जाऊन यायला तास गेला असता आणि रिक्षात बसलेली पत्नी पुन्हा इकडे आली नसती हे मला ठाऊक होते. मी तसे पुटपुटलो. म्हातारीने हातातली पुडी माझ्यापुढे धरली. "ह्याच की. हेच परत द्याया आलते मी. घेत न्हाईत ते."

मी पुडी उघडली. पुडीवर तिच्या नवऱ्याचे नाव आणि पेठ लिहिलेली होती, आत त्याच पिवळट गोळ्या. सवयीने मोजल्या. अकरा. मला आजही सांगता येत नाही की त्या क्षणी मला काय झाले. कोणी म्हणेल, एकाच दवाखान्यात एकाच रोगाचे लोक येतात, गोळ्या त्याच असणार, त्यात काय विशेष. मी त्याच्याशी वाद घालणार नाही. मी एवढेच सांगतो की खिडकी पाच मिनिटे आधी लागली असती तर ती बाई निघून गेली असती, पाच मिनिटांनी लागली असती तर आम्ही निघून गेलो असतो.

दुसऱ्याच्या गोळ्या अशाच कशा द्यायच्या म्हणून मी पुडी घेऊन आत सिस्टरांकडे गेलो. त्या स्पष्टवक्त्या बाई. त्यांनी गोळी उलटसुलट करून पाहिली, पुडीवरची तारीख वाचली, डॉक्टरांची चिठ्ठी काढून ताडून पाहिली आणि म्हणाल्या, "हीच आहे, द्या. पण आधी गोळी द्यायची हे तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तीन वेळा मी विचारलं, गोळी झाली का? तुम्ही मान हलवलीत!" मी म्हणालो, "खोटीच हलवली." "मग आमच्यावर का ओरडायचात, गोळ्यांना गुण नाही म्हणून?" त्यांनी डॉक्टरांना विचारून आमचा नंबर शेवटी टाकला, म्हणजे पुरता तास मिळाला. आणि बजावले, "रिकाम्या पोटी नाही. काहीतरी कोरडं द्या."

बाहेर आलो तर म्हातारीने आपल्या पिशवीतून फडक्यात बांधलेली कडक भाकरी काढली होती. आमच्या भागात ज्वारीची पातळ भाकरी वाळवून अशी करतात, पापडासारखी मोडते, महिनाभर टिकते. तिने रुपयाएवढा तुकडा मोडून पत्नीच्या हातावर ठेवला. पत्नीने तो तोंडात घातला नाही. तिने माझ्याकडे पाहिले. त्या बघण्यात भीती होती. माझ्या नवसाची, माझ्या देवाची, की माझी, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. दोन महिने ही बाई तहानेने सुकलेल्या तोंडाने सोमवार काढत होती आणि मला वाटत होते की आम्ही दोघे मिळून काहीतरी पुण्य साठवतो आहोत.

मी म्हणालो, "खा."

ती तरीही थांबली. तेव्हा मी म्हातारीच्या हातातला दुसरा तुकडा घेतला आणि आधी मीच तोंडात टाकला. कुठल्या मंत्राने देखील माझे मन इतके हलके झाले नव्हते. ती भाकरी कुडकुड वाजली, आणि मग पत्नीने आपला तुकडा हळूहळू चघळला, चार घोट पाणी घेतले, वर गोळी घेतली. म्हातारी म्हणाली, "तासभर बोलू नका हिच्यासंगं. त्या वासाकडं पाठ करून बसवा." मग आमच्याबरोबर तीही बसून राहिली. मध्येच पदराने वारा घाली, मध्येच पत्नीला तेलुगूत काहीतरी सांगे. पत्नी कानडीत उत्तर देई. दोघींना एकमेकींचे किती कळत होते देव जाणे, पण माझ्याशी बोलण्यापेक्षा ते बरे चालले होते. न राहवून मी विचारले, "तुमच्या माणसाची कशी आहे आता तब्येत?" ती म्हणाली, "आता काय बी तरास न्हाय त्यास्नी." मी म्हणालो, वा. साडेअकराला आमचे नाव पुकारले आणि पत्नी माझा हात न धरता उठून आत गेली, मी तिच्या मागून. मी बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता.

त्या दिवशी मी दर सहा तासांनी गोळी दिली, उलटी होवो न होवो. प्रत्येक वेळी आधी कडक भाकरीचा तुकडा, मग घोट घोट पाणी, संध्याकाळी अर्धी वाटी पातळ ताक. वही कपाटात ठेवली. तरी आकडा माझ्या ध्यानात राहिलाच, त्याला इलाज नाही: दुपारी चारला एक उलटी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे एक. सतराच्या जागी दोन. मंगळवारी दुपारी पत्नी स्वतः होऊन म्हणाली, "थोडा भात टाकायला सांगा पोरीला." मी बाहेरच्या खोलीत जाऊन रडलो.

आणि तरीही माझा स्वभाव बघा. आठवडाभराने मला नवसाची आठवण झाली आणि मी विचार करू लागलो की नवस "एकही उलटी होऊ नये" असा होता, झाल्या दोन. तेव्हा एक्कावन्न रुपये देणे लागतो की नाही? मी हे पत्नीला बोलून दाखवले. ती उशीला टेकून बसली होती, तिने कपाळावर हात मारला. "अहो, देवाशी पण घासाघीस करता? आधी काम, मग पैसे? तो काय तुमच्या गिरणीतला रोजंदारी माणूस आहे?" मी खोटे बोलणार नाही, मला राग आला. पण तिचे शब्द आत राहिले. दोन दिवसांनी गिरणीत सायझिंग खात्यासमोरून जाताना, ते खळीत भिजून वाफेवर वाळत जाणारे सूत बघताना, माझ्या डोक्यात लख्ख झाले की मी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट अशीच केली आहे. उलटी झाली की गोळी. गुण आला की पैसे. आधी दाखव, मग वाकतो. बावीस वर्षे मी देवासमोर हात जोडत होतो, पण दोन तळव्यांच्या मध्ये नेहमी पावती होती. विश्वास जर संकट टळल्यावर ठेवायचा असेल तर त्याचा उपयोग काय? तो आधीच आत मुरलेला हवा, म्हणजे मागाचा मार बसेल तेव्हा धागा धरून राहील. आणि तरी तुटला, तर तुटला. चांगल्या खळीचेही धागे तुटतात, हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार?

पाचवे इंजेक्शन नऊ मेला होते. त्या सकाळी मी पत्नीला भाकरीचा तुकडा आणि गोळी देऊन दवाखान्यात जाण्याआधी एकटा देवळात गेलो, आणि न्याहारी करून गेलो. पुजाऱ्यांसमोर एक्कावन्न रुपये ठेवले. ते म्हणाले, "गुण आला वाटतं?"

"माहीत नाही. अजून दोन राहिलीत."

"मग नवस फिटला म्हणून लिहू का?"

"नको. नुसते मिळाले असं लिहा."

त्यांनी पावती फाडली. गाभाऱ्यात त्या दिवशी मी काही मागितले नाही. इतरांसारखी घंटा वाजवली आणि निघालो. पाचव्याला एक उलटी झाली. तीस मेला सहावे झाले. त्याला तीन झाल्या. म्हणजे सरळ उतरत गेले असेही नाही. पण सहा पुरी झाली. आज दोन वर्षे होत आली, गाठी नाहीत, डॉक्टर दर तीन महिन्यांनी तपासतात. पुढचे मला माहीत नाही आणि ते माहीत करून घेण्याचा सोमवार मी आता धरत नाही. आम्ही दोघे सोमवारी देवळात जातो ते जेवून जातो.

एक देणे मात्र राहिले होते. त्या अकरा गोळ्या. पुडीवरच्या नावावरून जूनमध्ये मी साखर पेठेत घर शोधत गेलो. दोन खोल्या, पुढे माग, माग बंद, त्यावर चादर झाकलेली. भिंतीवर म्हाताऱ्या माणसाचा फोटो आणि त्याला हार. हार ताजा नव्हता. चार-पाच महिन्यांचा तरी असावा. मी उंबऱ्यातच थांबलो. म्हणजे त्या सोमवारी ती उरलेल्या गोळ्या परत करायला आली होती ती याच्यासाठी. आणि मी तिला म्हणालो होतो, वा.

ती कांड्या भरत बसली होती. मला ओळखून तिने पहिले विचारले, "ती कशी हाय?" मी सांगितले, सहा झाली, जेवते, वजन त्रेचाळीस. ती चाक थांबवून हसली. मला खूप काही बोलायचे होते, तिच्या नवऱ्याबद्दल, त्या बाकाबद्दल, पण मी हिशेबाचा माणूस, मला तेवढेच येते. मी खिशातून मोजून आणलेले पैसे काढले. गोळीचा भाव तीस पैसे, गोळ्या अकरा, तीन रुपये तीस पैसे. तिने ते हातावर घेतले, निरखले, आणि त्यातले तीस पैसे बाजूला काढून माझ्यापुढे सरकवले.

"धा गोळ्यांचे घेते," ती म्हणाली. "पयली बाकावरची. ती तुमी मागितली नव्हती."

दिले रुपये तीन. घेणार ती.